उन्हाच्या मुलखात ठिसूळ हाडं

मराठवाड्यात सूर्यप्रकाश कमी पडतो असं कुणी म्हटलं, तर लोक हसतील. घनसावंगीचा मे महिना ज्यानं काढला, त्याला ऊन नकोसं होतं. तरीही आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या बायका गुडघ्याला हात लावून उठतात, कंबर धरून चालतात आणि ‘वय झालं’ म्हणून विषय मिटवतात. सगळंच वयाच्या खात्यावर मांडायचं कारण नाही. पुष्कळदा दुखणं कॅल्शियमचं असतं, आणि त्याहून अधिक उन्हाचं.

हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं, सतत थोडं झिजतं आणि थोडं भरतं. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठलेलं असतं. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचा ठोका आणि स्नायूंची हालचाल चालते. म्हणून रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं, की गळ्यातल्या चार चिमुकल्या ग्रंथी हाडांतला साठा काढायला लावतात. शेतातून माल आला नाही की कणगीतलं धान्य काढून खावं, तसंच हे. गंमत अशी, की रक्त तपासलं तर कॅल्शियम ठीक दिसू शकतं. कणगी किती रिकामी झाली, ते त्या कागदावर येत नाही. ही कणगी भरते साधारण तिशीपर्यंत. पुढे ती राखायची असते, आणि पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत बायकांची झीज झपाट्यानं होते.

आता आपल्या ताटाकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या बाईला १२००. आमची ज्वारी गुणी धान्य, पण तिच्या शंभर ग्रॅममध्ये हे जेमतेम ३० मिलिग्रॅम असतं. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तिळात हजाराच्या वर. म्हशीच्या किंवा गाईच्या शंभर ग्रॅम दुधात साधारण १२०. पण दूध डेअरीला जातं आणि घरात उरतो चहा. तीळ संक्रांतीपुरते. नाचणी आमच्या भागात पिकत नाही, बाळाच्या सत्त्वापुरती दुकानातून येते. शेवग्याच्या पाल्यात शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर कॅल्शियम आहे. आम्ही शेंगा बाजारात नेतो आणि पाला शेळ्यांना घालतो. आमच्या शेळ्यांची हाडं मजबूत असावीत!

पण नुसतं खाऊन भागत नाही. पोटात गेलेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं. ते फारच कमी असेल, तर खाल्लेल्यातलं दहा-पंधरा टक्केच अंगी लागतं. आणि हे जीवनसत्त्व मुख्यतः बनतं ते उन्हात, उघड्या त्वचेवर.

आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहणारी गोदावरी नाशिकहून येते. त्याच नाशिकमध्ये शंभर वर्षांपूर्वी डॉ. हचिसन यांनी या दुखण्याचा माग काढला. १९२१ साली डॉ. पटेल यांच्यासह आणि १९२२ साली डॉ. शाह यांच्यासह केलेले त्यांचे अभ्यास प्रसिद्ध झाले. मुलांचा मुडदूस आणि मोठ्या बायकांची हाडं मऊ पडण्याचा आजार हे गरिबीचे रोग, असा तेव्हा समज होता. नाशिकमध्ये उलटंच दिसलं. दूधतूप खाणाऱ्या, पण पडदा पाळणाऱ्या सधन घरांत, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही, मुडदूस होता. रानात राबणाऱ्या गरिबांच्या घरी जेवण निकृष्ट असूनही तो जवळजवळ नव्हता. मोठ्या बाईला हा आजार झाला, तर ओटीपोटाची हाडं दबून बाळंतपणाची वाट अरुंद होते. तेव्हा तो जिवावरचा प्रश्न होता.

हे वाचलं तेव्हा मला माझी अम्मी आठवली. नहाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. जालन्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारलं, “या उन्हात कधी बसतात का?” घरात कुणालाच उत्तर देता येईना. बुरख्याबद्दल बोलायचं टाळावं, असं मला वाटत नाही. आणि सगळं त्याच्यावर ढकलावं, असंही नाही. जुन्या घरांना आत अंगण होतं. पडदा रस्त्यासाठी होता, अंगणासाठी नव्हता. स्लॅबची घरं आली, अंगण गेलं. आज स्कूटीवरून जाणारी कुठल्याही धर्माची मुलगी स्कार्फ, सनकोट आणि हातमोज्यांत असते. शाळा-शिकवणीतली पोरं दिवसभर खोलीत. खिडकीतून काचेआड आलेलं ऊन इथे कामाचं नाही, कारण लागणारे किरण काच अडवते.

कोवळ्या उन्हाबद्दलही आपला एक गोड गैरसमज आहे. ते सुखद असतं, पण ‘ड’ जीवनसत्त्व त्यात फारसं बनत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन हवं. हिवाळ्यात अकरा ते एक ही वेळ बरी. उन्हाळ्यात थोडं आधीच उरकावं, उष्माघात ओढवून घेऊ नये. हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. सावळ्या कातडीला जरा जास्त. हाडांना भारही लागतो. चालणं, जिने चढणं, ओझं उचलणं यानं ती घट्ट राहतात. बलोपासना सांगणाऱ्या समर्थांचं जांब आमच्याच तालुक्यात आहे, हे इथे सांगायला हवं.

गोळ्यांचं म्हणाल, तर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या दुकानातून आणून मनानं घेऊ नयेत. अति झाल्या तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र फडताळात ठेवू नयेत. त्या आणि लोहाच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.

आम्ही घर बांधलं तेव्हा गच्चीचा कठडा सहा फूट उंच घेतला. गवंडी म्हणाला, “कवीसाहेब, इतका खर्च कशाला?” आता थंडीत अकराच्या सुमाराला माझी बायको आणि शेजारच्या दोघी काकू तिथं सूप घेऊन बसतात, बाह्या वर सारून डाळ निवडतात. वर पुरुषांनी यायचं नाही, असं त्यांनी परस्परच ठरवून टाकलं आहे.