बाटलीतला समुद्र

पोट कमी, शुगर कंट्रोलमध्ये आणि तेही ‘नॅचरल’! समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल्स आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्येही दिसतात. पण गिळण्याआधी जरा थांबा...

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट हातात आला आणि माझी बोलतीच बंद झाली. एचबीएवनसी ६.१! म्हणजे डायबेटिस नाही, पण त्याच्या दारात चप्पल काढून उभी. (५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, हे त्या दिवशी कळलं.) त्यात कंबर ८६ सेंटिमीटर. आपल्याकडे बायकांसाठी ८०ची लक्ष्मणरेषा, पुरुषांसाठी ९०ची. दिवसभर खुर्ची, रात्री उशिरा जेवण, वीकेंडला पिझ्झा... दुसरं काय होणार?

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे उपाय तयार होता. केल्प! समुद्रातलं तपकिरी शेवाळ वाळवून, दळून भरलेली कॅप्सूल. ‘मेटाबॉलिझम फास्ट होतो गं, साइड इफेक्ट झीरो!’ मी लगेच दोन बाटल्या मागवल्या. एक मला, एक आईला. तिचंही वजन वाढलंय ना!

हे फॅड काही नवं नाही बरं का. १८७०च्या दशकात अमेरिकेत ‘अ‍ॅलन्स अँटी-फॅट’ नावाचं औषध जोरात जाहिरात करून विकलं जायचं. त्यातही समुद्री शेवाळच होतं. जाड माणसं मात्र तेव्हाही होती आणि नंतरही राहिली!

मग शेवाळात काहीच दम नाही? तसंही नाही. त्यातली पॉलिफेनॉल्स पिष्टमय पदार्थांची साखर करणाऱ्या एन्झाइम्सना ब्रेक लावतात. कॅनडातल्या २०११च्या एका प्रयोगात २३ जणांना ब्रेडच्या आधी ५०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा इन्सुलिनची उसळी सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाली. पण रक्तातल्या साखरेत दखल घेण्यासारखा फरक नाही. शिवाय माणसं जेमतेम २३ आणि डोस एकच!

दुसरा हीरो फ्युकोझॅन्थिन, म्हणजे शेवाळाला तपकिरी करणारं रंगद्रव्य. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की त्याने पोटाची चरबी घटते. कुणाची? उंदरांची! तिसरा अल्जिनेट, पोटात फुगणारा शेवाळाचा फायबर. कोपनहेगनमध्ये २०१२ साली ९६ लठ्ठ लोकांवर १२ आठवडे प्रयोग झाला. शेवटपर्यंत टिकलेल्यांचं वजन इतरांपेक्षा पावणेदोन किलोंनी जास्त उतरलं. पण मध्येच सोडून गेलेले धरले, तर फरक गायब! आणि डाएट दोन्ही गटांना होतंच.

आता खरी गोम. आई रोज सकाळी अनशापोटी थायरॉइडची गोळी घेते. आठवड्याभराने तिला रुटीन चेकअपला नेलं. डॉक्टरांनी पर्समधली बाटली पाहिली आणि विचारलं, ‘काकू, हे कोणी दिलं?’ आई कौतुकाने म्हणाली, ‘लेकीने.’ मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

कारण केल्प म्हणजे आयोडिनची खाण. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम, आणि आपल्या मिठात ते आधीच घातलेलं असतं. २००४ साली बाजारातल्या शेवाळांची तपासणी झाली, तेव्हा एका ग्रॅममध्ये १६ पासून ८१६५ मायक्रोग्रॅमपर्यंत आयोडिन सापडलं! म्हणजे बाटलीत नेमकं किती, हा जुगारच. जास्त आयोडिनने थायरॉइड कधी संप पुकारतो, तर कधी उधळतो. आधीच थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये. ‘नॅचरल’ लिहिलं म्हणजे निर्धोक नव्हे, हे मी आईच्या जिवावर शिकले.

आमचं नशीब, आईचे रिपोर्ट नॉर्मल आले. दोन्ही बाटल्या कचऱ्यात गेल्या. आता मी रात्री आठच्या आत जेवते, नंतर अर्धा तास चालते. सोबतीला आई. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.८! अजून मजल बाकी आहे, पण दिशा बरोबर आहे.

आणि शेवाळ? आई म्हणते, ‘खायचंच असेल तर चायना ग्रासचं पुडिंग करते. तेही समुद्री शेवाळाचंच असतं. फक्त साखर मी घालणार, तू नाही!’