मार्ग्राटेनच्या कबरी

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या मे महिन्यात जर्मनीने हॉलंडवर स्वारी केली आणि अवघ्या पाच दिवसांत त्या चिमुकल्या देशाला शरण आणले. पुढील चार वर्षे डच लोकांनी परदास्यात काढली. आपल्या राजघराण्याचा नारिंगी रंग मिरवण्याचीही त्यांना चोरी झाली.

१२ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकेचे सैनिक बेल्जियमची सीमा ओलांडून लिंबर्ग प्रांतातील मेस या खेड्यात शिरले. शेताभातांतले ते लहानसे गाव. परंतु सर्वांत आधी मुक्त झालेले डच खेडे हा मान त्याला मिळाला. दुसऱ्या दिवशी जवळचे मार्ग्राटेनही मुक्त झाले. दडवून ठेवलेली निशाणे घराघरांवर फडकू लागली. उत्तरेकडील शहरांच्या वाट्याला मात्र आणखी एक भीषण हिवाळा आला. तेथे माणसे ट्यूलिप फुलांचे कंद खाऊन दिवस काढीत होती आणि हजारो लोक भुकेने मेले. ५ मे १९४५ रोजी त्यांची सुटका झाली.

मार्ग्राटेनचे युद्ध असे लवकर संपले खरे, पण युद्धातले मृत गावाच्या वेशीशी येऊ लागले. जर्मनीच्या भूमीत आपले सैनिक पुरावयाचे नाहीत, असे अमेरिकेने ठरविले होते. म्हणून नोव्हेंबर १९४४ पासून गावाजवळच्या शेतात दफनभूमी तयार होऊ लागली. पाऊस कोसळत होता, सगळीकडे चिखल झाला होता. अशा स्थितीत कबरी खोदण्याचे काम मुख्यतः कृष्णवर्णीय सैनिकांकडे आले. त्यांच्या तुकड्या त्या काळी निराळ्या असत. लढाईच्या वर्णनांत वीरांची नावे येतात. कुदळ धरणाऱ्या या हातांची आठवण मात्र पुष्कळ वर्षे कोणी काढली नाही.

गावकऱ्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले होते. १९४५ पासून तेथील कुटुंबे एकेक कबर दत्तक घेऊ लागली. कबरीवर फुले वाहावी, मृताच्या घरच्या माणसांना पत्र लिहावे, एवढेच ते काम. ज्याच्या आईला अमेरिकेहून इतक्या दूर येणे शक्य नव्हते, त्याच्या कबरीपाशी एखादी डच गृहिणी उभी राही.

आज तेथे सुमारे ८,३०० कबरी असून त्या सर्व दत्तक गेल्या आहेत. ज्यांचे देह सापडले नाहीत, अशा सुमारे १,७०० सैनिकांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. त्यांनाही पालक आहेत. आजोबांकडून मुलाकडे, मुलाकडून नातीकडे कबर सोपविली जाते. कोणाला ते जमेनासे झाले, तर प्रतीक्षायादीतील पुढच्या माणसाला निरोप जातो.