चालू संच न थांबवता नवा संच: कॉन्फिगरेशन मॅनेजर २००७ वरून २०१२ वर

ऊर्जानगरवरून बोलतोय. आपला फोन अपडेट करायला एक बटण पुरतं. पण एखाद्या कंपनीतल्या दोन हजार कॉम्प्युटरवर अपडेट कोण टाकतं? त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं. मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर हे त्यातलं जुनंजाणतं नाव. आता प्रश्न असा की ते सॉफ्टवेअरच जुनं झालं तर?

त्याच्या २००७ वरून २०१२ वर जायचं, तर जागच्या जागी अपग्रेड करायची सोयच नव्हती. नवा सर्व्हर शेजारी उभा करा, सामान हलवा, मग जुना बंद करा. ऊर्जानगरवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे ८ आणि ९ नंबरचे संच २०१६ मध्ये सुरू झाले, ते बाकीचं केंद्र चालू ठेवूनच. चालता बॉयलर उघडून कोणी नवा बसवत नाही बा!

सामान हलवताना बारीकसारीक गोष्टी आडव्या येतात. जुन्या आणि नव्या साइटचा तीन अक्षरी कोड वेगळा लागतो. सॉफ्टवेअरच्या फाइल्स जुन्या सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर पडल्या असतील, तर नव्याला त्या सापडत नाहीत. नेटवर्कवरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. २००७ मध्ये एकाच कलेक्शनमध्ये माणसं आणि मशीन दोन्ही टाकता यायची, २०१२ ला ते चालत नाही, आधी वेगळं करा. आणि इन्व्हेंटरी, म्हणजे कुठल्या मशीनमध्ये काय आहे याची माहिती, ती तर येतच नाही. ती नव्याने गोळा होते.

मला खरी भीती वाटते ती इथे. एखादं मशीन स्टोअरमध्ये बंद पडून आहे, एखादा लॅपटॉप महिनाभर साइटवर आहे. त्यावर नवा क्लायंट बसला नाही आणि इकडे जुना सर्व्हर बंद झाला, की ते मशीन कोणाच्याच यादीत नाही. रिपोर्ट मात्र शंभर टक्के हिरवा, कारण जे यादीतच नाही ते लाल कसं दिसणार?

असं विसरलेलं मशीन किती महाग पडतं? वॉनाक्राय ज्या त्रुटीतून शिरला, तिचा पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता. हल्ला झाला १२ मे ला. जूनमध्ये नॉटपेट्याने तीच त्रुटी वापरली, शिवाय पासवर्ड चोरून पॅच केलेल्या मशीनमध्येही शिरला. त्यात मर्स्कचं न्हावाशेवा बंदरातलं टर्मिनल अडकलं. जगभरात मर्स्कला ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले.

म्हणून माझं मत: जुना सर्व्हर घाईने बंद करू नका. खरेदीचं रजिस्टर, डोमेनमधली नावं आणि नव्या सर्व्हरवरची यादी शेजारी शेजारी ठेवा. जे मशीन पहिल्या दोन्हींत आहे पण तिसरीत नाही, ते शोधायला माणूस पाठवा. मॅनेजर विचारेल, काऊन इतका वेळ लावून राहिला? त्याला ती यादीच दाखवा.