तिबेटी निर्वासित: जमीन मिळाली, कायदा नाही

१९५९मध्ये दलाई लामांपाठोपाठ हजारो तिबेटी भारतात आले. तत्कालीन म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे त्यांना जमीन दिली. पुढे आताच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळही वसाहत झाली. शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी रस्त्याकडेला मांडलेली स्वेटरची दुकाने यांवर संसार सावरले. ही उदारता मोठीच. पण भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे इथेच जन्मलेल्या अनेक तिबेट्यांनाही परदेशी म्हणून नोंदणी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी खेटे घालावे लागतात. २०१४च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात जमिनीचे भाडेपट्टे, व्यापार परवाने, सरकारी योजनांचा लाभ हे सारे आहे. मात्र अंमलबजावणी राज्यांच्या मर्जीवर. हेच सर्व निर्वासितांसाठीच्या कायद्यात आले, तर रोहिंग्यांसारख्या धोरणाबाहेरच्या निर्वासितांनाही ते हक्काने मागता येईल.