पऱ्हाटीच्या फुलावरचा तास

सिंदी मेघे (वर्धा), सप्टेंबर २०२०

सकाळी ६
महामारीमुळे मार्चपासून महाविद्यालये बंद आहेत. माझी वनस्पतिशास्त्राची मुले आर्वी, आष्टी, समुद्रपूरकडच्या आपापल्या गावी. घरातला एकमेव फोन बाबांसोबत वावरात जाण्याआधी त्यांना मिळायला हवा, म्हणून पाठाची ध्वनिफीत आत्ताच पाठवते. ती छोटीच ठेवते. रोजच्या दीड जीबीत धाकट्या भावंडांची शाळाही भागवायची असते.

सकाळी ९
गूगल मीट. "मॅडम, आवाज तुटून राहिला." त्यामुळे इथे व्याख्यान देत नाही, फक्त शंका घेते. पडद्यावर नाव दिसले नाही म्हणून कुणाला गैरहजरही धरत नाही.

सकाळी ११
कालचा अभ्यास होता पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, फूल उकलण्याचा. वहीच्या पानांचे फोटो येऊ लागतात. बाहेरची तीन दातेरी पाने, पाच पाकळ्या, पुंकेसरांची एकजीव नळी, सगळे सुटे करून मांडलेले. आदल्या दिवशीचे पिवळसर फूल आज गुलाबी झाल्याचे दोघांनी आपणहून टिपले आहे.

एकीचा फोन येतो, "मॅडम, ही कळी उमलतच नाही."
"पाकळ्या पिळल्यासारख्या आहेत का? हलकेच उकल."
आत तपकिरी डोक्याची बारीक, पांढुरकी अळी निघते. डोमकळी! गुलाबी बोंडअळीची पहिली खूण. शेजारी उभे असलेले तिचे बाबा विचारतात, "अजून किती झाडांवर असंल?" उद्याचा अभ्यास त्यांनीच ठरवला: एका ओळीतली झाडे तपासायची आणि डोमकळ्या मोजायच्या.

दुपारी २
अंतिम वर्षाची मुले. परीक्षेशिवाय पदवी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला स्पष्ट केले. मोबाईलवर पेपर देताना रेंज गेली तर काय, ही एकच धास्ती. मागच्या प्रश्नपत्रिका घेऊन एकेकाची उजळणी करते.

दुपारी ४
साधा फोन असणाऱ्यांना कॉल. पाठ तोंडी सांगते, मग त्यांच्याकडून वदवून घेते. या वर्गात कुणालाच मागच्या बाकावर लपता येत नाही.

रात्री ८
आजच्या वह्यांवर शेरे. हाताने काम करत शिकावे, हा नई तालीमचा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातल्याच शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडला होता. महामारीने प्रयोगशाळा बंद केली, पण वावर खुले आहे. मुलांनी हाताळलेले, मोजलेले आणि स्वतःच्या शब्दांत सांगितलेलेच पक्के होते. वर्ग पुन्हा भरतील, तेव्हाही वावरातला हा अभ्यास प्रात्यक्षिकांत असलाच पाहिजे आणि त्याला गुणही मिळाले पाहिजेत.