आजारपणानंतरचा साजशृंगार: जरा सबुरीने

मावशीच्या धाकट्या मुलाचं लग्न मे महिन्यात ठरलं, तेव्हा तिची शेवटची केमोथेरपी होऊन जेमतेम चार महिने झाले होते. डोक्यावर पांढरे, मऊ केस आले होते, लहान बाळाच्या जावळासारखे. बाकी तब्येत छान सुधारत होती. जेवण जात होतं, झोप लागत होती, संध्याकाळी ती खाली बागेपर्यंत चालत जात होती.

"वरमाय म्हणून उभी राहणार आणि डोकं हे असं?" असं ती एकदाच म्हणाली. पण सगळं घर कामाला लागलं. एकजण विग बघून आला, दुसरीने ओढण्या आणल्या. शेवटी शेजारणीच्या ओळखीची पार्लरवाली मुलगी घरी आली. 'हर्बल काळी मेंदी आहे काकू, केमिकल अजिबात नाही,' असं तिने सांगितलं. वीस मिनिटांत केस काळेभोर झाले. मावशीने आरशात पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी ती मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाळूला खाज सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी कपाळ सुजलं, कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या आणि डोळे उघडेनात. लग्नाला चार दिवस उरले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी आधी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला, मगच औषध लिहून दिलं. लग्नात मावशी डोक्यावरून पदर घेऊन, कपाळ मोकळं ठेवून उभी राहिली. लग्नाच्या एकाही फोटोत ती समोर बघत नाही.

"अगं, पंधरा वर्षं डाय लावत होते मी. कधी साधी पुरळ आली नाही. मग आताच काय झालं?" तिने मला विचारलं. प्रश्न रास्त होता. तिच्यासारख्या कितीतरी जणींना तो पडत असणार. टायफॉइड, कावीळ, चिकुनगुन्या, बाळंतपण, एखादं मोठं ऑपरेशन अशा दुखण्यातून उठलं की पहिल्यांदा हात जातो तो आरशाकडे आणि मग प्रसाधनांच्या डब्याकडे.

त्वचा सगळ्यात शेवटी सावरते

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. ही भिंत आतलं पाणी आत आणि बाहेरची रसायनं बाहेर ठेवते. निरोगी माणसात ती साधारण चार आठवड्यांत नव्याने घडते. आजारात मात्र हे काम बिघडतं. ताप, अपुरं जेवण आणि औषधं यांनी त्वचा कोरडी पडते, तिला बारीक भेगा जातात.

केमोथेरपीची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळं, तोंडातलं अस्तर आणि त्वचेच्या पेशीही तशाच असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि त्वचा कागदासारखी सुकते. रेडिएशन दिलेल्या भागाची त्वचा तर भाजल्यासारखी नाजूक होते. त्यावर सुगंधी पावडर, अत्तर किंवा घरगुती लेप, काहीही लावण्यापूर्वी त्या विभागातल्या डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

साध्या साबणाचंच बघा. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच ५ च्या आसपास. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा मात्र ९ ते १०. धडधाकट त्वचा हा फरक तासा-दोन तासांत भरून काढते. दुखण्यातून उठलेल्या त्वचेला ते जड जातं. मग कालपर्यंत चालणारा साबण आज चुणचुणतो.

इथे दोन गोष्टींत गल्लत करू नये. चुणचुण, आग, कोरडेपणा ही बहुतेक वेळा नुसती जळजळ असते. ते प्रसाधन थांबवलं आणि त्वचा भरून आली की ती जाते. अ‍ॅलर्जी वेगळी. तिथे शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या रसायनाला शत्रू म्हणून ओळखून ठेवते. ही ओळख पहिल्याच वापरात पटेल असं नाही, वर्षानुवर्षं वापरल्यावरही पटू शकते. एकदा पटली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढे अगदी थोडासा अंशही पुरतो. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. उरलेल्या अर्ध्याबद्दल त्वचारोगतज्ज्ञ प्रामाणिकपणे म्हणाले की केमोमुळेच अ‍ॅलर्जी आली असं सांगता येणार नाही, पण टाळू इतकी कोरडी आणि भेगाळलेली असताना रंग आत शिरायला वाट मोकळी होती.

मेंदीचा पाला काळा रंगत नाही

मेंदीच्या पाल्याचा रंग नारिंगी ते तांबूस असतो आणि तो चढायला काही तास लागतात. वीस मिनिटांत काळा रंग देणारी 'मेंदी' असेल तर तिच्यात दुसरं काहीतरी आहे हे नक्की. बहुतेक वेळा ते पॅराफिनिलीनडायअमाईन असतं, ज्याला पीपीडी म्हणतात. केसांच्या बहुतेक काळ्या रंगांत हेच रसायन असतं. अ‍ॅलर्जी आणणाऱ्या प्रसाधनांत त्याचा क्रमांक फार वरचा आहे. अमेरिकेतल्या संसर्गजन्य नव्हे, तर स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' ठरवलं होतं.

पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर सावधगिरीची सूचना छापणं आपल्याकडे कायद्याने सक्तीचं आहे, तेही इंग्रजीसोबत स्थानिक भाषेत. आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, असं त्यात असतं. आपण ती चिठ्ठी खोक्यासकट फेकून देतो. सुट्या पुडीतल्या काळ्या मेंदीवर तर काहीच छापलेलं नसतं आणि तिच्यात रंग किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चाचणी केली तरी चोवीस तासांवर समाधान मानू नये. ही अ‍ॅलर्जी दोन-तीन दिवसांनीही उमटते. आणि एकदा सूज येऊन गेली असेल, तर घरी चाचणी करायचीच नाही.

केमोनंतर रंग कधी लावावा? अनेक डॉक्टर निदान सहा महिने थांबायला सांगतात. केस नीट वाढू द्यावेत, टाळू शांत होऊ द्यावी. ताप किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागतात, तेव्हाही हेच. ते गळणं घाबरवणारं असलं तरी बहुधा तात्पुरतं असतं आणि सहाएक महिन्यांत थांबतं. पण नेमक्या त्याच काळात घरात तेलाच्या बाटल्यांची रांग लागते. केस परत आले की श्रेय शेवटच्या बाटलीला मिळतं!

नाकावरचा डाग आणि गोरेपणाचं मलम

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. सांधेदुखीची आठवण सगळ्यांना आहे. पण पुष्कळ जणींच्या नाकावर आणि गालांवर काळसर डागही उमटले होते. हे डाग हळूहळू, काही महिन्यांत फिके होतात. तेवढा धीर मात्र धरवत नाही. लग्नाळू मुलगी असेल तर घरचेच धरू देत नाहीत. मग औषधाच्या दुकानातून कोणीतरी सांगितलेलं मलम येतं.

अशा मलमांत अनेकदा स्टेरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून ते महिनोन्‌महिने चालू राहतं. त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. थांबवलं तर चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानदार देतो म्हणजे ते निर्धोक आहे असा अर्थ काढू नका.

दुसरा धोका पाऱ्याचा. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांकडे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आले. लघवीतून प्रथिनं जात होती, अंगावर सूज होती. त्यांतल्या १५ जणांत या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनात पारा घालता येत नाही. नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एक भाग, डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत ७० भाग, याहून जास्त चालत नाही. पण लेबल नसलेल्या, परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीला हे नियम कोण विचारतो? ज्यांची मूत्रपिंडं आजाराने किंवा औषधांनी आधीच थकली आहेत, त्यांनी अशा डबीला हातही लावू नये.

टिकली तरी लाव गं!

दुखण्यातून उठलेल्या बाईला भेटायला येणारं प्रत्येक माणूस हे म्हणतं. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. त्याने कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडल्याची उदाहरणं आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. खाज किंवा फिकेपणा दिसला की टिकली लगेच बंद करावी, जागा बदलून लावत राहू नये. आपल्या आज्या आधी मेण लावून त्यावर कुंकू लावत, ती पद्धत बरी. पण कुंकू हळदीचं असेल तर. बाजारातल्या भडक लाल पिंजरीत रासायनिक रंग असतात आणि त्यांनीही कपाळ काळवंडतं.

सुवासाचंही असंच. केमो चालू असताना वास नकोसे होतात, पूर्वी आवडणाऱ्या उदबत्तीनेही मळमळतं. तेव्हा भेटायला जाणाऱ्यांनी अत्तर फवारून जाऊ नये, एवढं तरी आपण करू शकतो.

लेबल वाचताना

'हर्बल' म्हणजे सौम्य असा आपला समज आहे. लव्हेंडर, लिंबू, इलांग-इलांग यांची तेलं वनस्पतींचीच, पण त्यांतले सुगंधी घटक अ‍ॅलर्जी आणतात. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' हा शब्दही असाच. अमेरिकेत १९७५ साली या शब्दासाठी नियम केला गेला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि तो रद्द झाला. 'पॅराबेन नाही' या शिक्क्याची गोष्ट तर गमतीची आहे. पॅराबेनला घाबरून उत्पादकांनी दुसरी टिकाऊ द्रव्यं घातली, त्यांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे एक. २०१३ चा 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' तेच ठरलं. त्वचेवर लावून ठेवायच्या प्रसाधनांत युरोपने २०१७ पासून त्याला बंदी केली. आणि २०१९ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेने पॅराबेनला 'अ‍ॅलर्जन नसलेला' म्हणून निवडलं.

मग लावायचं तरी काय? सुरुवातीचे काही आठवडे जितकं कमी तितकं बरं. बिनवासाचं सौम्य क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली, ओठांनाही तीच. जुनी लिपस्टिक, आजारापूर्वी उघडलेलं काजळ आणि मस्करा टाकून द्या. प्रतिकारशक्ती कमी असताना त्यांतले जंतू डोळ्यांना महागात पडतात. पुढे एका वेळी एकच वस्तू सुरू करा. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात दिवस लावून पाहा. मध्येच लाली किंवा खाज आली तर ती वस्तू बाद. सगळं ठीक असेल तरच ती चेहऱ्यावर, आणि पुढची वस्तू त्यानंतर. म्हणजे लग्नासाठी तयारी करायची असेल तर दोन महिने आधी सुरू करावी लागेल, दोन दिवस आधी नव्हे.

पुरळ उठलीच तर प्रसाधनाचा डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा. पाठीवर छोट्या पट्ट्या लावून नेमका कोणता पदार्थ बाधतो हे त्यांना शोधता येतं. पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि पुढचे दोनेक दिवस त्वचा तपासतात. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना या चाचणीचा निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून ती पुढे ढकलतात. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा डोळे मिटले तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठावं.

मावशीची चाचणी लग्नानंतर पाच महिन्यांनी झाली आणि पीपीडी पक्कं सापडलं. डॉक्टरांनी तिला एका कागदावर ते नाव लिहून दिलं आहे. त्वचा बधिर करणाऱ्या बेंझोकेनसारख्या काही औषधांशीही त्याचं नातं असल्याने दातांच्या डॉक्टरांकडे जातानाही तो दाखवायचा आहे. कागद तिच्या पर्समध्ये असतो, घडी घालून, नातवाच्या फोटोमागे. केस आता मानेपर्यंत आले आहेत, सगळे पांढरे. परवा बारशाला एका ओळखीच्या बाईंनी तिला हळूच एका नव्या हर्बल रंगाचं नाव सांगितलं. मावशीने पर्स उघडली, चष्मा लावला आणि म्हणाली, "खोकं आहे का घरी? आधी मला वाचायला द्या."