मागितल्याशिवाय मिळत नाही: कुपात खोलीम आणि बितुआख लेउमीची मदत



आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्यांकडून एक वाक्य मी नेहमी ऐकते, "आम्हाला सरकारचं काही नको, देवाच्या कृपेने चाललंय." लोदला ऐकलं, अश्दोदला ऐकलं, दिमोनाला तर घरोघरी ऐकलं. इतकी वर्षे नर्स म्हणून काम केल्यावर मला माहीत आहे, की ज्या घरात हे वाक्य बोललं जातं, त्याच घरात बहुतेक वेळा मदतीची सगळ्यात जास्त गरज असते. म्हणून आज हे लिहायला बसले.

पहिली गोष्ट मनात पक्की धरा. ही मदत म्हणजे भीक नाही. १ जानेवारी १९९५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे इथल्या प्रत्येक रहिवाशाला क्लालीत, मकाबी, मेउखेदेत किंवा लेउमीत यांपैकी एका कुपात खोलीमकडून ठरलेल्या सेवा मिळतात. नोकरी करत होतो तेव्हा या विम्याचे पैसे पगारातून जात होते. आता ते म्हातारपणाच्या पेन्शनमधून कापले जातात. आपण भरलं आहे, म्हणून आपण मागतो. यात लाज कसली?

कुपात खोलीममध्ये कोणाला भेटायचं?

आपले लोक डॉक्टरकडे जातात, गोळ्या घेतात आणि घरी येतात. पण कुपात खोलीममध्ये समाजसेविका असते, तिला इथे ओवेदेत सोत्सियालित म्हणतात. तिच्याशी बोलायला पैसे लागत नाहीत. नवरा अंथरुणाला खिळला आहे, बायको विसरायला लागली आहे, घरी एकटंच राहावं लागतं, औषधांचा खर्च झेपत नाही, हे सगळं तिला सांगायचं. कुठे कोणता अर्ज करायचा, कुठली सवलत मिळेल, हे ती सांगते आणि फॉर्म भरायलाही मदत करते. आपल्या डॉक्टरला किंवा नर्सला एवढंच म्हणा, "मला सोत्सियालितला भेटायचं आहे."

जो माणूस घराबाहेर पडूच शकत नाही, त्याच्यासाठी घरी येऊन उपचार करण्याची सोय आहे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट घरी येतात. हे घरच्या डॉक्टरमार्फत ठरतं. काही भेटींना थोडी फी लागू शकते, ती आधी विचारून घ्या. आजार शेवटच्या टप्प्यात असेल, तर वेदना कमी करणारी सेवाही घरी मिळते. पुष्कळ कुटुंबांना हे माहीत नसतं आणि ती रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन इस्पितळात धावतात.

ज्यांना पेन्शनबरोबर हश्लामात हखनासा, म्हणजे कमी उत्पन्नामुळे मिळणारी वाढीव रक्कम मिळते, त्यांना कुपात खोलीमच्या पैशांत सवलत असते. ती आपल्या नावावर चालू आहे की नाही, हे काउंटरवर एकदा विचारा.

सियुद म्हणजे काय?

सियुद कुपात खोलीम देत नाही, ते बितुआख लेउमी देते. पेन्शनच्या वयाचा माणूस स्वतःच्या घरी किंवा मुलांच्या घरी राहतो, पण रोजच्या कामांना त्याला दुसऱ्याचा हात लागतो, अशांसाठी ही मदत आहे. मुलगा-सून बरोबर राहतात म्हणून हक्क जात नाही. उत्पन्न बघतात ते तुमचं आणि तुमच्या जोडीदाराचं, मुलांचं नाही.

२०१८ सालापासून या मदतीच्या सहा पायऱ्या आहेत. जितकी गरज जास्त, तितकी मदत जास्त. घरी येणाऱ्या मदतनीस बाईचे तास, दिवसाचं वृद्ध केंद्र, डायपर, संकटाच्या वेळी दाबायचं बटण, अशा गोष्टींसाठी ती वापरता येते. काही अटींवर रोख रक्कमही मिळते.

अर्ज करण्याआधीच्या महिन्यांचं मागून मिळत नाही. म्हणून "सण झाल्यावर बघू, मुलगी आल्यावर बघू" असं करू नका. अर्जाला पैसे लागत नाहीत.

तपासणीच्या दिवशी

अर्ज केल्यावर बितुआख लेउमीकडून साधारणपणे एक नर्स किंवा थेरपिस्ट घरी येते. घरात चालणं, कपडे घालणं, अंघोळ, जेवण आणि संडास-लघवी, या पाच गोष्टी तुम्हाला किती जमतात ते ती पाहते. माणसाला एकटं सोडणं धोक्याचं आहे का, हेही पाहते.

आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. पाहुणी येणार म्हणून मावशी सकाळीच लेकीकडून अंघोळ करून घेतात, चांगली साडी नेसतात, भिंत धरून स्वयंपाकघरात जातात आणि चहा पुढे करतात. विचारलं, "अंघोळ कोण घालतं?" तर म्हणतात, "मीच करते की!" ती बाई लिहून घेते, सगळं स्वतः करतात. मग नकाराचं पत्र येतं. त्यात त्या बाईचा दोष नाही. तिने ऐकलं तेच लिहिलं.

खोटं मुळीच सांगू नका, पण खरं लपवूही नका. चांगल्या दिवसाबरोबर वाईट दिवसही सांगा. रात्री किती वेळा उठावं लागतं, गेल्या वर्षात किती वेळा पडलात, कपडे ओले होतात का, गॅस चालू राहतो का, सगळं बोला. संडास-लघवीचं बोलायला संकोच वाटतो हे मी जाणते, पण ती नर्स आहे, तिने सगळं पाहिलेलं असतं. विसरभोळेपणा असेल तर मुलाने किंवा मुलीने त्या वेळी हजर राहायलाच हवं, कारण पेशंटला स्वतःला ते कळत नाही. इस्पितळाची पत्रं आणि औषधांची यादी टेबलावर ठेवा. वॉकर कपाटामागे लपवू नका.

नकार आला तर

पत्र फेकू नका. अपील कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. हिब्रू वाचता येत नसेल तर नातवंडांकडून त्याच दिवशी वाचून घ्या. तब्येत नंतर बिघडली तर पुन्हा अर्ज करता येतो.

बितुआख लेउमीचा फोन *६०५० आहे. कुपात खोलीम हक्काची सेवा देत नसेल तर आरोग्य मंत्रालयाला *५४०० वर विचारा. व्हीलचेअर किंवा वॉकर थोड्या दिवसांसाठी हवा असेल तर याद सारा ही संस्था १९७६ पासून अशा वस्तू अनामत रकमेवर वापरायला देते. वस्तू परत केली की अनामतही परत मिळते.

आपण जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलो. आता कोणी हात पुढे केला तर तो धरायला शिका. आणि शेजारी कोणी एकटं राहत असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.

देव सर्वांना आरोग्य देवो.